झाशीच्या गच्चीवरची धूळ: सोलर पॅनेल कधी आणि कसं धुवायचं

तीन किलोवॅटचं सोलर गच्चीवर आहे आणि पॅनेलला महिनाभर हातच लावला नाही, तर किती रुपये बुडतात? झाशीसारख्या धुळकट गावातही, आंधी नसलेल्या कोरड्या महिन्यात, हे उत्तर दीडशे रुपयांच्या आसपास येतं. पॅनेल धुवायला माणूस बोलावला तर एका खेपेला तो याहून जास्तच मागतो. म्हणजे दर आठवड्याला माणूस बोलावणारा तोट्यात, आणि ‘पाऊस धुईलच की’ म्हणून ऑक्टोबरपासून जूनपर्यंत गच्चीवर न फिरकणाराही तोट्यात. या दोघांच्या मधला दिवस कसा शोधायचा, ते आधी बघू. बादली-ब्रश नंतर.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ आली. तीन किलोवॅटला केंद्राचे ७८ हजार आणि वर उत्तर प्रदेश सरकारचे ३० हजार, एवढं अनुदान मिळाल्यावर ज्यांनी कधी विचारही केला नव्हता त्यांच्याही गच्चीवर पॅनेल चढली. बसवून देणारा दिवसाला किती युनिट मिळतील ते तोंडपाठ सांगतो. धुळीचा विषय काढला की मात्र ‘महिन्यातून एकदा पाणी मारा’ एवढ्यावर भागवतो. कुठलं पाणी, किती वाजता, कशाने, हे कुणी सांगत नाही.

हिशोब असा. झाशीत एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. तीन किलोवॅटला बारा. धुळीमुळे रोज ०.४ टक्क्याने उत्पादन घटतं असं समजू. पहिल्या दिवशी फरक जाणवतही नाही. तिसाव्या दिवशी तो बारा टक्के झालेला असतो. महिन्याची सरासरी सहा टक्के. महिन्याच्या ३६० युनिटांचे सहा टक्के म्हणजे साडेएकवीस युनिट, साडेसहा रुपये दराने १४० रुपये. आता दोन महिने धुतलं नाही तर? सरासरी बारा टक्के, एकूण ७२० युनिट, म्हणजे ८६ युनिट गेले, ५६० रुपये. दिवस दुप्पट झाले, नुकसान चौपट. ही चौपट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आळस सुरुवातीला स्वस्त असतो आणि नंतर एकदम महाग होतो.

यातून एक सोपा नियम निघतो: मागच्या धुण्यापासून साचलेलं नुकसान धुण्याच्या खर्चाइतकं झालं की धुवायचं. त्याआधी धुतलं तर मजुरी वाया, नंतर धुतलं तर वीज वाया. माणूस तीनशे घेत असेल तर वरच्या आकड्यांनी साधारण दीड महिना येतो. स्वतः धुणार असाल आणि आपल्या अर्ध्या तासाची किंमत पन्नास रुपये धरलीत, तर अठरा दिवस. बिल आधीच शून्यावर येत असेल आणि नेट मीटरमध्ये युनिट शिल्लक पडत असतील, तर आणखी सैल सोडा. वर्षअखेरीला उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण देतो त्या दराच्या जवळपासही नसतो.

०.४ हा आकडा मात्र माझा अंदाज आहे, तुमच्या गच्चीचा नव्हे. आपला आकडा काढायला यंत्र लागत नाही. आकाश निरभ्र असेल अशा दिवशी दुपारी बारा वाजता इन्व्हर्टरच्या पडद्यावर किंवा मोबाइल ॲपवर किती किलोवॅट दिसतात ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पहाटे धुवा, आणि पुन्हा बाराला बघा. जो फरक टक्क्यांत निघेल त्याला मागच्या धुण्यापासूनच्या दिवसांनी भागा. झाला तुमचा रोजचा आकडा. ऑक्टोबरला एकदा आणि एप्रिलला एकदा हे करा, कारण दोन्ही ऋतूंची धूळ सारखी नसते. ढग असलेला दिवस घेतलात तर मात्र आकडा काहीच्या बाही येईल.

झाशी काही वाळवंट नाही. वर्षाला साडेआठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सगळा जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत उरकतो. उरलेले आठ-नऊ महिने पॅनेलच्या काचेपुरतं हे गाव वाळवंटच. त्यात इथल्या धुळीचं कूळ वेगळं. किल्ला ज्या बंगरा टेकडीवर उभा आहे ती ग्रॅनाइटची, आणि सगळं बुंदेलखंड याच जुन्या खडकावर बसलेलं आहे. मधूनमधून गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात. हा खडक फोडून गिट्टी करणारे क्रशर शहराभोवती आहेत. त्यांच्यातून उडणाऱ्या पांढुरक्या पिठात क्वार्ट्झ असतोच, आणि क्वार्ट्झ हा काचेपेक्षा कठीण असतो. कोरड्या फडक्याने पॅनेल पुसणाऱ्याने हे विसरू नये. तो धूळ पुसत नसतो, काच खरवडत असतो. आणि काचेवरचा परावर्तन कमी करणारा जो अतिपातळ थर असतो, त्यावरच पहिले ओरखडे उठतात.

याशिवाय मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाला की मळणीयंत्रांचा भुसा हवेत असतो. कानपूर रस्त्याला बेतवेकाठी पारीछाचं औष्णिक केंद्र आहे, त्या बाजूच्या वस्त्यांना राखेचीही भर. डिझेलचा आणि चुलींचा धूर सगळीकडेच. दिसायला भुसा आणि जाडी वाळू जास्त घाण वाटते, पण जाडे कण वाऱ्याने बरेचसे आपोआप घसरतात. बारीक कण चिकटून बसतात, आणि वजन तेवढंच असलं तरी ते जास्त उजेड अडवतात. काजळी तर सगळ्यात वाईट. गांधीनगरच्या आयआयटीत पॅनेल काही आठवड्यांच्या अंतराने धुऊन मोजमाप केलं गेलं, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांसोबत. २०१७ साली आलेल्या त्या निष्कर्षांत दर धुण्यानंतर कार्यक्षमता जवळजवळ निम्म्याने वाढल्याचं दिसलं. काचेवर साचलेल्या मालात ९२ टक्के साधी धूळ होती. उरलेला हिस्सा माणसाने केलेल्या प्रदूषणाचा, पण प्रकाश अडवण्यात त्या थोड्या हिश्श्याचा वाटा त्याच्या वजनाच्या मानाने फार मोठा. तुमचं घर महामार्गाला लागून असेल तर हे ध्यानात घ्या: काच फार मळलेली दिसत नसली तरी उत्पादन उतरलेलं असू शकतं.

धुळीला खरं चिकटवतं ते दव. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र रात्री पॅनेलची काच आसपासच्या हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यावर ओल धरते. धुळीतले क्षार त्या ओलीत विरघळतात, कण एकमेकांकडे ओढले जातात. सकाळी ऊन लागलं की पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि कणांना काचेशी सांधून टाकतात. पंधरा-वीस रात्री असंच चाललं की जो थर तयार होतो तो नुसत्या पाण्याच्या धारेने निघत नाही. म्हणून थंडीत धूळ कमी उडते तरी धुण्यात आळस करू नये. मे महिन्यातली कोरडी धूळ जाड दिसते पण सुटी असते. जानेवारीतली पातळ असते आणि घट्ट.

याच दवाचा उपयोगही करून घेता येतो. थर पातळ असेल, म्हणजे आठवडाभरापूर्वीच धुतलं असेल, तर थंडीतल्या पहाटे ऊन यायच्या आत रबरी वायपर वरून खाली एकेकदा ओढा. काचेवर रात्रभरात जमलेलं ते पाणी क्षाररहित असतं आणि फुकट असतं. पण वायपरखाली करकर वाजायला लागलं तर तिथेच थांबा. ते गारगोटीचं पीठ आहे. त्याला आधी भरपूर पाणी लागतं.

आता जागा बघा. बहुतेकांची नजर पॅनेलच्या मधोमध जाते आणि खरं नुकसान खालच्या कडेला होत असतं. दव आणि अवकाळी पावसाचे चार थेंब धूळ घेऊन खाली घरंगळतात, ॲल्युमिनिअमच्या चौकटीच्या ओठापाशी अडतात आणि तिथेच वाळतात. बोटभर रुंदीची मातीची पट्टी तयार होते. बाकीची काच लख्ख असली तरी ही पट्टी खालच्या ओळीतल्या सेलवर पडदा टाकते. एका पॅनेलमधले सेल बहुधा तीन साखळ्यांत जोडलेले असतात. सगळ्यात झाकलेला सेल जेवढा प्रवाह देईल, तेवढाच त्या साखळीतून वाहतो. पॅनेल उभं बसवलेलं असेल तर खालच्या ओळीत तिन्ही साखळ्यांचे सेल येतात, आणि ती एक पट्टी सगळ्यांना अडवते. अलीकडच्या हाफ-कट पॅनेलमध्ये निदान वरचा अर्धा भाग वाचतो. आडवं बसवलेलं असेल तर साधारण एकतृतीयांशच अडकतो. तेव्हा वेळ अगदीच कमी असेल तर पूर्ण पॅनेल धुण्याऐवजी जुना टूथब्रश आणि मगभर पाणी घेऊन खालची कड तेवढी साफ करा. काचेच्या खालच्या कडेला बसवायच्या प्लॅस्टिकच्या छोट्या क्लिपाही मिळतात. साचणारं पाणी त्या चौकटीवरून बाहेर ओढून काढतात.

पक्ष्यांच्या शिटीचंही तेच. एका सेलवर पडलेली शीट त्या सेलला उत्पादक न ठेवता गिऱ्हाईक बनवते. बाकीच्यांची वीज त्याच्यात उष्णता होऊन जिरते आणि ती जागा कालांतराने करपते. शीट दिसली की धुण्याच्या तारखेची वाट बघू नका. ओलं फडकं तिच्यावर दहा मिनिटं ठेवा, मग ती अलगद निघते. नखाने, चाकूने, तारेच्या घासणीने खरवडू नका.

पाण्याबद्दल जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बोअरचं पाणी बुंदेलखंडात बहुतेक ठिकाणी जड आहे. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो, तोच काचेवर बसेल. म्हणून पॅनेलवर कायमचे फवारे बसवून बोअरची मोटर चालू करण्याची जी टूम निघाली आहे, ती मला मुळीच पटत नाही. पाणी उन्हात उडून जातं, चुना काचेवर राहतो, आणि दोन उन्हाळ्यांत काच दुधी होते. शिवाय आपल्याकडची माकडं ते पाइप किती दिवस टिकू देतील हा प्रश्न वेगळाच. नळाला येणारं माताटीला धरणाचं पाणी बोअरपेक्षा बरं. पावसाचं साठवलेलं उत्तम, एसीतून ठिबकणारं पाणीही उत्तम. आरओच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र चुकूनही वापरू नका. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला, पण सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. बोअरशिवाय पर्यायच नसेल तर घासायला बोअरचं वापरा, शेवटचा हात चांगल्या पाण्याचा द्या आणि वायपरने काच लगेच कोरडी करा.

सहा पॅनेलच्या संचाला दोन बादल्या पुरतात. वेळ पहाटेची, सूर्य वर यायच्या आत. दुपारी धुवू नका: मे महिन्यात काच साठ-सत्तर अंशांवर गेलेली असते, तिच्यावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. संध्याकाळीही नको, कारण आंधी बहुधा दुपारनंतरच उठते आणि ओली काच तिच्यातली सगळी धूळ झेलते. आधी वरच्या कडेने पाणी सोडा आणि पाच मिनिटं थांबा. ही पाच मिनिटं कुणी थांबत नाही, आणि नंतर जोर लावून घासतं. माती भिजली की लांब दांड्याचा मऊ नायलॉनचा ब्रश किंवा मायक्रोफायबरचं फडकं वरून खाली फिरवा, गोल गोल नाही. पुन्हा पाणी, मग वायपर. साबणाची पूड, भांड्यांची घासणी, फिनेल, संडास साफ करायचं ॲसिड यांतलं काहीही नको. तेलकट काजळी असेल तर बादलीत सौम्य द्रव साबणाचे चार थेंब पुष्कळ झाले. चुन्याचे डाग पडलेच असतील तर काही जण पातळ व्हिनेगर वापरतात. आपल्या पॅनेलच्या कंपनीची पुस्तिका त्याबद्दल काय म्हणते ते आधी वाचा, नाहीतर वॉरंटी हातची जायची. जोराच्या धारेचा कार धुण्याचा पंप चौकटीच्या सांध्यांतून आत पाणी घालतो, तोही दूर ठेवा.

विजेचं थोडक्यात, पण गंभीरपणे. इन्व्हर्टरची एसी बाजू आधी बंद करा, मग डीसी स्विच. तरीही उजेड आहे तोवर पॅनेल आणि त्यांच्या तारांमध्ये वीज असतेच. सहा पॅनेल एका ओळीत असतील तर तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी. तडकलेल्या पॅनेलवर पाणी मारायचं नाही, ओल्या हाताने जोडण्यांना हात लावायचा नाही, पॅनेलखाली लोंबणारी तार दिसली तर धुणं तिथेच थांबवून मिस्त्रीला बोलवा. पॅनेलवर पाय ठेवून पलीकडचं धुणारे लोक मी पाहिले आहेत. काच फुटत नाही म्हणून त्यांना वाटतं चालतंय. आतले सेल केसासारखे तडकतात आणि ते वर्षभराने आकड्यांत दिसतं.

तारखांना एक मोठा अपवाद आंधीचा. एप्रिल ते जून या काळात एका संध्याकाळी महिनाभराची धूळ येऊन पडू शकते, आणि तिच्यामागे पावसाचे जेमतेम शिंतोडे पडले की काचेवर चिखलाचे ठिपके उठतात. अशा वेळी वरचा हिशोब बाजूला ठेवा आणि दुसऱ्या पहाटे धुवा. हवामान खात्याने दोन-तीन दिवसांत चांगल्या पावसाचा अंदाज दिला असेल तर मात्र थांबायला हरकत नाही. दणदणीत सर धुण्याचं काम तुमच्यापेक्षा चांगलं करते. पावसाळ्यातही एकदा वर जाऊन या. खालच्या कडेच्या मातीत शेवाळ धरतं, आणि सप्टेंबरनंतर ते वाळून बसतं.

मे महिन्यातली घट बघून घाबरून रोज धुणारेही आहेत. त्यांनी एवढं समजून घ्यावं की त्या घटीचा मोठा भाग धुळीचा नसून उन्हाचा असतो. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते, आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के शक्ती कमी होते. बाहेर पंचेचाळीस अंश आणि सेल सत्तरवर असेल, तर पंधरा-अठरा टक्के तिथेच गेले. काच आरशासारखी असली तरी. मेची तुलना मार्चशी करू नका, मागच्या वर्षीच्या मेशी करा.

ज्यांचं सोलर अजून बसायचं आहे त्यांचं काम सोपं आहे, कारण निम्मी सफाई बसवतानाच होऊन जाते. झाशीला दक्षिणेकडे तोंड करून साधारण २५ अंशांचा उतार द्यावा. स्वस्तात होतं म्हणून दहा अंशांवर जवळजवळ सपाट टाकलेली पॅनेल वाऱ्याने साफ होत नाहीत आणि पावसानेही धड धुतली जात नाहीत. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचं, पापड-कुरडया वाळवायच्या, म्हणून इथे पुष्कळ लोक माणूस खालून जाईल इतका उंच सांगाडा करून घेतात. करा, पण त्याला धुण्यासाठी उभं राहायची फळी आणि धरायला कठडा लावून घ्या. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, त्या बाजूच्या जुन्या गल्ल्यांत गच्च्यांना गच्च्या चिकटलेल्या आहेत. तिथे शेवटची रांग शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवली की तिच्यापर्यंत ब्रश पोचत नाही. हातभर वाट सोडा. आणि गच्चीवर एक नळ. पाण्याच्या बादल्या दोन जिने चढवाव्या लागल्या की कुठलाही नियम चार महिन्यांच्या वर टिकत नाही.

राजस्थानात भाडलाच्या सोलर पार्कमध्ये पाण्याशिवाय ब्रश फिरवणारे रोबोट रांगांवरून धावतात, तसले काही घरासाठी घ्यावेत का, असं विचारणारे असतात. नको. शेकडो मीटरच्या सलग रांगांत ते परवडतात, सहा पॅनेलला नाही. महाराष्ट्रात ज्यांनी सौर कृषिपंप बसवले आहेत, त्यांना तर पाणी हाताशीच असतं. फक्त पंपाचं पाणी जड आहे का ते बघावं आणि मळणीयंत्र पॅनेलच्या वाऱ्याच्या बाजूला लावू नये.

धुऊनही दुपारचा आकडा सुधारला नाही, तर पुन्हा धुवू नका. शेजाऱ्याने नवीन पाण्याची टाकी बसवली आहे का, तिची सावली कुठवर येते, ते दर तासाला बघा. दुपारी बाराच्या सुमाराला इन्व्हर्टर अधूनमधून बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर गल्लीतल्या लाइनचं व्होल्टेज वाढून तो स्वतःला तोडून घेत असण्याची शक्यता आहे. त्याच्या पडद्यावर तसा कोड दिसतो, त्याचा फोटो काढून ठेवा. बसवून देणाऱ्याची या योजनेत पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. धुणं त्यात सहसा येत नाही, पण सैल जोडणी, जळालेला डायोड, बिघडलेला इन्व्हर्टर येतो. फोटो, तारीख आणि धुण्याआधी-धुतल्यानंतरचे दुपारी बाराचे दोन आकडे तक्रारीसोबत लेखी द्या, म्हणजे ‘धूळ असेल साहेब’ हे उत्तर त्याला देता येणार नाही.